मोठ्यानं विचार करा

शंकेखोर : तू परवा सांगितलेला तो मुलगा माझ्या डोक्यातून जात नाही. मोहालीच्या बाजूच्या कुठल्याशा खासगी कॉलेजातला. नाव तू सांगितलं नाहीस, मी विचारणारही नाही. पंचेचाळीस मिनिटांची मुलाखत, समोर पडद्यावर तू. पहिली अकरा मिनिटं पोरगा एक अक्षर बोलला नाही. मग एका दमात कोडच्या वीसेक ओळी लिहून मोकळा झाला. ओळी बरोबर होत्या, हे तूच म्हणालीस. तरी शेरा काय, तर विचार कसा केला ते कळलं नाही! अगं, मी आयुष्यभर सरकारी प्रयोगशाळेत उपकरणं जुळवली. तिथं सगळ्यात पक्का हात ज्याचा होता, तो माणूस दिवसात चार वाक्यं बोलायचा आणि त्यातली दोन चहाबद्दल असायची. तुमच्या पद्धतीनं तो फाटकातच अडला असता. मला एवढंच सांग, तुमची नोकरी विचार करण्याची आहे, की विचार करताना दिसण्याची?

कैवारी : दोन्हींची आहे, काका, आणि दुसरी गोष्ट तुम्ही समजता तितकी हलकी नाही. मोठ्या कंपनीत एकट्याचा असा कोड नसतोच. मी लिहिते, दुसरा तपासतो, तिसरा सहा महिन्यांनी त्यात बदल करतो आणि चौथ्याला रात्री दोन वाजता फोन जातो की हे बंद पडलंय. ज्याला आपलं डोकं दुसऱ्यापुढे उघडून ठेवता येत नाही, त्याचा कोड कितीही बरोबर असला तरी त्या चौथ्या माणसाच्या काही कामाचा नाही. शिवाय अकरा मिनिटं गप्प बसलेल्या उमेदवाराबद्दल मला एक गोष्ट कळतच नाही: त्याला ते सुचलं, की आठवलं? असले प्रश्न उत्तरांसकट इंटरनेटवर हजारोंनी पडलेत, आणि पाठ केलेलं उत्तरही एका दमातच लिहिलं जातं. बोलणारा उमेदवार आडवाटेला लागला तर मला दिसतं. मी हळूच खुणावते, ती खूण तो कशी घेतो ते बघते. खरं सांगायचं तर त्या दहा सेकंदांत मला जितकं कळतं तितकं उरलेल्या चव्वेचाळीस मिनिटांत कळत नाही. आणि मी एकटीनं त्याला नापास केलं नाही. आमच्याकडे चार पर्याय असतात: ठाम होकार, होकार, नकार, ठाम नकार. मधला मुद्दामच ठेवलेला नाही. मी साधा नकार लिहिला. बाकी तिघांनी काय लिहिलं ते माझं लिहून होईपर्यंत मला दिसतसुद्धा नाही.

शंकेखोर : सुचलं की आठवलं, हा पेच तुमचाच तुम्ही करून ठेवलाय. परीक्षा ठरीव झाली की 'एकवीस अपेक्षित' निघणारच. आमच्या दहावीला निघत होतं, तुमच्यासाठी गेल मॅकडॉवेलबाईंचं 'क्रॅकिंग द कोडिंग इंटरव्ह्यू' २००८ पासून आहे. सहाव्या आवृत्तीत १८९ प्रश्न. त्यावर लीटकोड हे सरावाचं संकेतस्थळ, त्यावर यूट्यूबवाल्यांच्या प्रश्नांच्या 'शीट'. इथली पोरं एकमेकांना भेटली की काय शिकलास असं विचारत नाहीत, किती सोडवलेस म्हणून विचारतात. सदाशिव पेठेत एमपीएससीवाल्यांच्या अभ्यासिका असतात ना, तसंच हे. फरक इतकाच की ही पोरं एकेकटी आपापल्या खोलीत बसलेली असतात. आणि प्रश्नांची फॅशन दर पंधरा वर्षांनी बदलते. एके काळी मायक्रोसॉफ्टमध्ये विचारत, गटाराचं झाकण गोल का असतं. अख्खं जग दहा वर्षं झाकणं मोजत बसलं. मग गूगलचे मनुष्यबळ प्रमुख लाझ्लो बॉक २०१३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सला सांगतात, की असली कोडी म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. त्यातून कळत काही नाही, विचारणाऱ्याला मात्र आपण हुशार असल्यासारखं वाटतं. म्हणजे ज्यांना झाकणामुळे घरी पाठवलं त्यांचं काय? त्यांना कुणी पत्र पाठवलं का, की चूक आमची होती?

कैवारी : नाही पाठवलं. पण बॉकना हे कळलं कसं तेही बघा. त्यांनी हजारो मुलाखतींतले गुण आणि त्या लोकांचं नंतरचं काम ताडून पाहिलं, संबंध जवळजवळ शून्य निघाला, म्हणून पद्धत बदलली. सगळ्यांना सारखाच प्रश्न, सारखीच मोजपट्टी, प्रत्येकानं आपलं मत आधी लेखी द्यायचं, आणि शेवटचा निर्णय अशा समितीनं घ्यायचा जिनं उमेदवाराचं तोंडही पाहिलेलं नाही. आपली चूक मोजणारी मुलाखत तुम्ही दुसरीकडे कुठे पाहिलीत? तुमच्या काळी पाच माणसं टेबलामागे बसायची, चहा यायचा, आणि पहिला प्रश्न असायचा, गाव कुठलं?

शंकेखोर : दुसरा असायचा, वडील काय करतात. मी स्वतः अशा मंडळांवर बसलोय, मला त्यांची बाजू घ्यायची नाही. पण सरकारनं त्यावर काय केलं ते बघ. मुलाखतीत वशिला चालतो हे ओळखून पंतप्रधानांनी २०१५ च्या १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून सांगितलं, आणि १ जानेवारी २०१६ पासून केंद्राच्या खालच्या पदांच्या, म्हणजे क आणि ड गटांच्या आणि ब गटातल्या अराजपत्रित पदांच्या मुलाखतीच रद्द झाल्या. लेखी परीक्षा, गुण, यादी, संपलं. यूपीएससीतही २०२५ गुणांत मुलाखतीचे २७५. सरकारला मुलाखतीचा भरवसा वाटेना तेव्हा त्यानं ती काढली किंवा आखडली. तुम्हाला वाटेना तेव्हा तुम्ही एकीच्या पाच केल्यात.

कैवारी : आणि सरकारनं काढली तिथे उरली काय? पाठांतराची परीक्षा. आमच्या परीक्षेत निदान कामासारखं काहीतरी करून घेतात.

शंकेखोर : कामासारखं? अरविंद घोषांची गोष्ट आठव. १८९० मध्ये आयसीएसची लेखी परीक्षा पास झाले, दोन वर्षांची उमेदवारी झाली, आणि नाव कापलं गेलं ते घोडेस्वारीच्या परीक्षेवरून. मग १८९३ मध्ये बडोद्याला सयाजीरावांकडे नोकरीला आले. ग्रीक-लॅटिन कोळून प्यालेला माणूस, आणि अडला कशावर, तर घोड्यावर. मुलाखतीत ते बायनरी ट्री नावाचं झाड उलटं करायला लावणं तसलंच आहे.

कैवारी : उदाहरण तुमच्यावरच उलटतंय, काका. एक तर अरविंद त्या परीक्षेला गेलेच नाहीत. त्यांना ती नोकरी नकोच होती असं सांगतात. आणि दुसरं, १८९० चा कलेक्टर जिल्हा फिरायचा तो घोड्यावरूनच. घोडेस्वारी हा त्या कामाचा खराखुरा नमुना होता. लॅटिनचा कलेक्टरीशी काय संबंध, हे विचारायला हवं होतं!

शंकेखोर : बरं, घोडा तुझा. मग मॅक्स हॉवेलचं सांग. मॅकवर ज्याच्याशिवाय प्रोग्रॅमरांचं पान हलत नाही ते होमब्र्यू त्यानं लिहिलं. २०१५ च्या जूनमध्ये गूगलनं त्याला नाकारलं तेव्हा त्यानं ट्विट केलं, की तुमचे नव्वद टक्के इंजिनिअर माझं सॉफ्टवेअर वापरतात, पण मला फळ्यावर बायनरी ट्री उलटं करता येत नाही म्हणून मी नको. कामाचा नमुना तुमच्याच यंत्रांत रोज चालत होता. तो बघायचा सोडून त्याला फळ्यापुढे उभं केलंत.

कैवारी : ते ट्विट आमच्या धंद्यात आता म्हणीसारखं झालंय, त्यामुळे त्याचा पुढचा भाग कुणी सांगत नाही. हॉवेलनंच नंतर लिहिलं, की ते ट्विट तितकंसं न्याय्य नव्हतं. संगणकशास्त्र आपल्याला फारसं येत नाही, आपण माणूस म्हणून अवघड आहोत, हेही त्यानं कबूल केलं. तरीही मला घ्यायला हवं होतं, यावर मात्र तो ठाम राहिला. आणि माझं मत विचाराल तर त्याची दोन्ही वाक्यं खरी आहेत. पण कंपनीच्या बाजूनं बघा. चुकीचा माणूस आत आला तर दोन वर्षं पाच जणांचं काम त्याच्याभोवती अडखळतं. काढायचं म्हटलं तर कागदपत्रं, वाद, मनस्ताप. चांगला माणूस बाहेर राहिला तर कंपनीचं जातं काय? दारात दुसरे शंभर उभे असतात. म्हणून चाळणी बारीक ठेवतात. कोंड्यासोबत थोडं सत्त्वही जातं, हे सगळ्यांना माहीत असतं.

शंकेखोर : आता खरं बोललीस. म्हणजे ही परीक्षा लायक माणूस शोधण्यासाठी नाहीच. नकार सोयीचा व्हावा म्हणून आहे. आणि कोंड्यात किती सत्त्व गेलं ते तुम्ही मोजता कशानं? बॉकनी गुण आणि काम ताडून पाहिलं, पण ते आत घेतलेल्यांचं. नाकारलेल्यांचं काम त्यांच्या वहीत येणार कुठून? मी हे उगीच बोलत नाही, आम्ही उपकरणं बनवायचो. वजनकाटा तपासायचा तर हलकी आणि जड, दोन्ही वजनं ठेवून बघावी लागतात. तुम्ही फक्त पास झालेली वजनं ठेवता आणि म्हणता, काटा बरोबर आहे. मानसशास्त्रज्ञांचाही वाद नेमका इथेच आहे. मुलाखतीचे गुण आणि पुढचं काम यांचं नातं ते शून्य ते एक अशा आकड्यात मांडतात. १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर यांनी नीट आखलेल्या मुलाखतीला ०.५१ दिले. २०२२ मध्ये सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते ०.४२ वर आणले. मुख्य तक्रार काय, तर दाराबाहेर राहिलेल्यांचा अंदाज बांधताना आधीच्यांनी हात सैल सोडला होता. आणि गंमत अशी, की ०.४२ हा त्यांच्या यादीतला सगळ्यात वरचा आकडा आहे. म्हणजे जगातली उत्तम मुलाखतसुद्धा अर्ध्याहून जास्त गोष्टी नशिबावर सोडते.

कैवारी : सगळ्यात वरचा आहे, हेच मी म्हणतेय. याहून चांगलं कुणाकडे काही नाही.

शंकेखोर : आहे. केलेलं काम बघणं. आणि त्यासाठी अमेरिकेला जायला नको, आपण ज्या शहरात बसलोय ते चंदीगडच बघ. नेक चंद बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होता. सुखना तलावाजवळच्या जंगलात सरकारी जागेवर, चोरून, फुटक्या कपबशा, बांगड्या, बेसिनचे तुकडे घेऊन त्यानं अख्खी दुनिया उभी केली. साधारण १९५७ पासून जवळजवळ अठरा वर्षं कुणाला पत्ता नव्हता. उघडकीला आलं तेव्हा नियमाप्रमाणे पाडायचं होतं, पाडलं नाही. १९७६ मध्ये रॉक गार्डन लोकांना खुलं झालं, त्याला त्याच कामावर पगार मिळाला, हाताखाली पन्नास मजूर मिळाले. याला कुठल्या मुलाखतीत घेतलं असतं? फळ्यावर बाहुला काढ म्हणून?

कैवारी : अठरा वर्षं, काका! आणि बेकायदा. तुम्ही मला सांगताय, की प्रत्येक उमेदवारानं आधी अठरा वर्षं फुकट राबावं, मग आम्ही बघू. आजही काही कंपन्या 'घरी करून आणा' म्हणून चार दिवसांचं काम देतात. ते कोण करू शकतं? ज्याला चार दिवस मोकळे आहेत तो. कोड ठेवतात त्या गिटहबवर ज्याचं ढीगभर काम दिसतं, त्याच्या घरी बहुधा स्वयंपाक दुसरं कुणी करत असतं. आणि नेक चंद मोहक वाटतो तो एकटा होता म्हणून. आमच्याकडे एका जागेला येणाऱ्या अर्जांचा डोंगर असतो; सगळ्यांच्या जंगलात कोण फिरणार?

शंकेखोर : मग या शहराचा आराखडा करणारा ल कॉर्ब्युझिए घे. त्याला निवडताना तर मोजकीच माणसं होती.

कैवारी : घेते, आवडीनं घेते. आधी काम होतं अल्बर्ट मेयरकडे, त्याच्या जोडीला मॅथ्यू नोवित्स्की. १९५० मध्ये नोवित्स्की विमान अपघातात गेला, तेव्हा पंजाब सरकारचे थापर आणि मुख्य अभियंता वर्मा हे दोघे वास्तुविशारद शोधत युरोपला निघाले. लंडनमध्ये मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू यांना भेटले, आणि त्या दोघांनी नाव सुचवलं कॉर्ब्युझिएचं. याला काय म्हणतात? इथे पंजाबात सिफारिश म्हणतात, आपण वशिला म्हणतो, आमच्या ऑफिसात रेफरल. आणि मोठं नाव आल्यावर त्यानं अट काय घातली? मी इथे येऊन राहणार नाही, वर्षातून दोनदा येईन. १९५१ च्या फेब्रुवारीत आला, चार-सहा दिवसांत आराखड्याची चौकट मांडून मोकळा. वर्षानुवर्षं इथे राहून सेक्टरांतली घरं, शाळा, दवाखाने, खुर्च्यासुद्धा केल्या त्या फ्राय, ड्र्यू आणि पिएर जानरे यांनी. जानरे तर १९६५ पर्यंत राहिले. त्यांच्या हाताखाली युली चौधरी, आदित्य प्रकाश, एम. एन. शर्मा अशी आपली मंडळी होती. केलेलं काम बघून, ओळखीतून निवडलं की असंच होतं: दिसणारा निवडला जातो, राहणारे राहून काम करतात. नावं सगळ्यांची विचारा बरं रस्त्यावर. एकच सांगतील.

शंकेखोर : हे मात्र लागलं. पण तुमच्याकडे रेफरल नाही का? रेफरलशिवाय अर्ज उघडतसुद्धा नाहीत, असं पोरं सांगतात. अनोळखी माणसाला लिंक्डइनवर दादा-ताई म्हणून हात जोडत असतात.

कैवारी : आहे, आणि आत पाठवणाऱ्याला बक्षीसही असतं. मी नाकारत नाही. पण रेफरलनं फक्त दार उघडतं, आत गेल्यावर झाड उलटं करावंच लागतं. तुम्हाला ते झाड हास्यास्पद वाटतं, मला ते का प्रिय आहे तेही ऐका. मी नांदेडची. चंदीगडात नांदेड म्हटलं की लोक हात जोडतात, हजूर साहिब गुरुद्वाऱ्याचं गाव म्हणून. रिक्षावाल्यानं माझ्याकडून पैसे घेतले नव्हते एकदा. पण तेच नांदेड कॉलेजच्या पत्त्यात आलं की अर्ज खाली जायचा. इथल्या पेकसारख्या इंजिनिअरिंग कॉलेजात, म्हणजे १९२१ मध्ये लाहोरला निघालेल्या आणि १९५३ मध्ये इथे आलेल्या संस्थेत, कंपन्या आपल्या पायानं येतात. आमच्याकडे कुणी आलं नाही. कॅम्पस म्हणजे आमच्यासाठी फाटक, तेही बंद. मग ऑनलाइन चाचणी सगळ्यांना खुली झाली. तिला माझं कॉलेज माहीत नव्हतं, आडनाव कळत नव्हतं, मी कशी दिसते ते दिसत नव्हतं. दोन प्रश्न, नव्वद मिनिटं. दोन्ही सुटले. तुम्ही ज्याला पाठांतर म्हणता ना, ते माझ्या हातात होतं, आडनाव नव्हतं. पाठांतर फुकट मिळतं. ओळख मिळत नाही.

शंकेखोर : फुकट मिळत नाही. सहा महिने लागतात, रोज दोन तास. नोकरी आणि तान्हं मूल सांभाळणाऱ्या बाईनं ते आणायचे कुठून? आत्ता तूच म्हणालीस, गिटहबवाल्याच्या घरी स्वयंपाक दुसरं कुणी करतं. लीटकोडवाल्याच्या घरी?

कैवारी : ...हं. तिथेही.

शंकेखोर : आणि तुझी ती चाचणी आंधळी होती, म्हणून तू आत आलीस. तो मोहालीचा मुलगा चाचणीत पास झाला होता, तुझ्यापुढे येऊन पडला. नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२० मध्ये एक प्रयोग छापला, माहीत असेल तुला. ४८ विद्यार्थी, सारखाच प्रश्न. निम्म्यांनी तो परीक्षकापुढे फळ्यावर, बोलत बोलत सोडवायचा. निम्म्यांनी बंद खोलीत, एकट्यानं. परीक्षकापुढच्यांची कामगिरी निम्म्याहून खाली आली. आणि त्या गटातली एकही मुलगी पास झाली नाही; बंद खोलीतल्या सगळ्या झाल्या.

कैवारी : माहीत आहे. अठ्ठेचाळीसच जण होते, त्यात मुली मोजक्या; त्यावरून कायदा करू नका. पण खोटं बोलणार नाही, तो लेख वाचला त्या रात्री मला माझे जुने शेरे आठवत राहिले. तुम्हाला वाटतं त्याहून एक गोष्ट वाईट आहे, ती मीच सांगते. मोठ्यानं विचार करा, हे आम्ही सांगतो इंग्रजीत. तो मुलगा घरी पंजाबी बोलत असणार. गणित त्याच्या डोक्यात कुठल्या भाषेत चालतं? माझ्या डोक्यात पाढे अजून मराठीत चालतात. सात साते एकोणपन्नास, मग त्याचं भाषांतर. म्हणजे त्यानं एकाच वेळी तीन कामं करायची: विचार, भाषांतर आणि माझा चेहरा वाचणं. मी एकदा एका अमरावतीच्या मुलीला म्हटलं, मराठीत बोल. ती इतकी दचकली! पाच मिनिटांनी अशी सुटली म्हणता, की मला टिपणं घेताना दम लागला. मग शेरा लिहिताना प्रश्न पडला, हे समितीला सांगायचं का? सगळ्यांना सारखीच मोजपट्टी म्हणून मी मघाशी मोठ्या तोंडानं सांगितलं, ती मीच वाकवली होती.

शंकेखोर : सांगितलंस?

कैवारी : नाही. आणि त्या पोराला मी हिंदीत बोल असं म्हटलं नाही, हेही खरं. का म्हटलं नाही, याला माझ्याकडे उत्तर नाही. दिवसाची तिसरी मुलाखत होती.

शंकेखोर : बघ, दिवसाची तिसरी मुलाखत. हे कारण त्याला कधी कळणार? त्याला दोन ओळींची मेल आली असेल, खेद वाटतो म्हणून. तुम्ही नकाराचं कारण देत नाही, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. सरकारी परीक्षेला लाख नावं ठेव, पण २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सीबीएसईच्या खटल्यात सांगितलं, की तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात विद्यार्थ्याला बघता येईल. पुढे २०१८ मध्ये यूपीएससीच्या बाबतीत हात आखडता घेतला, ते सोड. पण निदान भांडायला जागा आहे. तुमच्याकडे त्या पोरानं कुणाशी भांडायचं?

कैवारी : कारण सांगितलं की वाद येतो, वाद आला की वकील येतो, म्हणून कंपनी सांगू देत नाही. पण वकील बाजूला ठेवा. समजा मला परवानगी मिळाली. मी त्याला काय लिहू? तू गप्प होतास? उद्या तो बोलायचं पाठ करून येईल. हल्ली शिकवणीत तेही शिकवतात: दर तीस सेकंदांनी काहीतरी बोला, परीक्षकाला विचारा, अमुक गृहीत धरू का? अशी मुलं मला ओळखू येतात. विचार एकीकडे, निवेदन दुसरीकडे. त्यांना होकार देताना मला त्या गप्प पोराहून जास्त भीती वाटते. आणि आता तर पडद्याच्या कोपऱ्यात एआय उत्तर पुरवतं. डोळे डावीकडून उजवीकडे जाताना दिसतात, वाचतोय हे कळतं. म्हणून वारं पुन्हा फिरलंय. गूगलच्या सुंदर पिचाईंनीही २०२५ मध्ये सांगितलं, की निदान एक फेरी समोरासमोर घ्यायची.

शंकेखोर : म्हणजे परत शताब्दी पकडायची. करोनानंतर इथल्या पोरांना एवढं एक बरं झालं होतं, की घरात बसून गुडगाव-बंगळूरशी बोलता येत होतं. आता पुन्हा अडीचशे किलोमीटर दिल्ली, इस्त्री केलेला शर्ट आणि समोर पाच माणसं. चहा तेवढा आधी मागवून ठेवा. आणि विचारा, गाव कुठलं.

कैवारी : तुम्ही जिंकल्यासारखं बोलू नका. एआय काढून टाकलं तरी तुमच्याकडे दुसरी चाळणी नाहीच. काम बघायचं तर वेळ असणाऱ्याचं दिसतं, ओळखीनं घ्यायचं तर ओळख असणारा येतो, लेखी घ्यायचं तर पाठ करणारा, बोलून घ्यायचं तर बोलका. प्रत्येक चाळणीचा कोंडा वेगळा आहे, इतकंच. मी नांदेडची एका चाळणीतून खाली आले, तो मोहालीचा दुसरीत वरच राहिला. तुम्ही मला सांगा, कुणाचं सत्त्व गेलेलं चालेल तुम्हाला?

शंकेखोर : ते मी का सांगू? ते ठरवणाऱ्याला पगार मिळतो. मी फक्त म्हणतो, की किंमत कंपनीनं थोडी तरी भरावी. दर वर्षी शंभर नाकारलेले चिठ्ठ्या टाकून उचला, आत घ्या, आणि दोन वर्षांनी बघा. काटा तपासायची तेवढीच रीत आहे.

कैवारी : कुठलाही व्यवस्थापक त्या शंभरांतला एक स्वतःच्या टीममध्ये घेणार नाही. मीही नाही घेणार. तुम्ही घेतला असता तुमच्या प्रयोगशाळेत?

शंकेखोर : आमच्याकडे तर ज्यांना घेतलं तेच बरेचसे चिठ्ठीनं आल्यासारखे होते. बरं, ते राहू दे. मला तुझा एखादा प्रश्न विचार. बघू तरी काय असतं ते.

कैवारी : आता हा कुणी विचारत नाही, फार जुना झाला. जिन्याला दहा पायऱ्या आहेत. एका वेळी एक चढायची किंवा दोन. वर जायच्या एकूण रीती किती?

शंकेखोर : एकोणनव्वद.

कैवारी : काका!

शंकेखोर : लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. दहा मात्रांची ओळ किती प्रकारे बांधता येईल, तोच हिशेब. हेमचंद्रानं बाराव्या शतकात लिहून ठेवलाय: एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा, एकवीस, प्रत्येक आकडा मागच्या दोघांची बेरीज. वृत्तं शिकवताना आमच्या मास्तरांनी सांगितलं होतं. दे नोकरी.

कैवारी : सुचलं नाही, आठवलं. तुम्हीच सांगा, मी काय लिहू? म्हणून आम्ही लगेच प्रश्न पिळतो. तोच जिना, दहाच पायऱ्या, पण पाचवी मोडलेली आहे. तिच्यावर पाय ठेवायचा नाही. आता किती?

शंकेखोर : ...

कैवारी : काका, बोला ना. काय चाललंय ते सांगा. चुकलं तरी चालेल.

शंकेखोर : थांब जरा.